मतदारयादी आणि निवाऱ्याची हमी : शीव कोळीवाड्याच्या संदर्भात निवडणूक व्यवहाराची चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय लोकशाहीतील निवडणुकांविषयी सुशिक्षित वर्गात एक समज रूढ झाला आहे. निवडणुकांतील दोषांचे मूळ मतदारात आहे, असा तो समज होय. मतदार अज्ञानी आहे, तो जातीकडे पाहून मत देतो, पैशाला भुलतो आणि झोपडपट्टीतील मतदार तर मताचा सरळ सौदा करतो, अशी विधाने वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून आणि महाविद्यालयांच्या शिक्षककक्षांतूनही ऐकू येतात. या विधानांना अनुभवाचा काही आधार नाही असे म्हणता येणार नाही. मात्र त्यांतून एक महत्त्वाचा प्रश्न सुटून जातो. मतदार ज्या परिस्थितीत मत देतो ती परिस्थिती कोणी घडविली, हा तो प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुंबईतील शीव कोळीवाडा या विधानसभा मतदारसंघाच्या संदर्भात केला आहे. २००८ मधील मतदारसंघ पुनर्रचनेनंतर हा मतदारसंघ अस्तित्वात आला आणि २००९ मध्ये येथे पहिली निवडणूक झाली. मुंबई दक्षिण मध्य या लोकसभा मतदारसंघाचा तो एक भाग आहे. येथील मतदार इतरत्रच्या मतदारांहून अधिक चांगला वा वाईट आहे, असे सुचविण्याचा हेतू नाही. निवारा, मतदारयादी आणि राजकीय प्रभाव यांची गुंफण येथे इतकी घट्ट आहे की व्यवस्थेचा दोष स्पष्टपणे पाहता येतो, एवढेच या निवडीमागील कारण आहे.

चार प्रकारच्या वस्त्या, एक समान स्थिती

'शीव' या शब्दाचा अर्थच सीमा असा आहे. मुंबई बेटाची उत्तरेकडील हद्द येथे संपत असे. या हद्दीवरील भागात कालांतराने चार भिन्न प्रकारच्या वस्त्या उभ्या राहिल्या. पहिली मूळ कोळी समाजाची, जिच्यावरून परिसराला नाव मिळाले. दुसरी १९४७ च्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी व पंजाबी निर्वासितांची. येथील रेल्वे स्थानकाचे 'कोळीवाडा' हे जुने नाव जाऊन 'गुरु तेग बहादूर नगर' हे नाव आले, त्यात या दुसऱ्या वस्तीचा इतिहास सामावलेला आहे. तिसरी वस्ती प्रतीक्षानगरसारख्या भागातील, जेथे म्हाडाची संक्रमण शिबिरे व इमारती आहेत. शहराच्या जुन्या भागांतील मोडकळीस आलेल्या इमारतींमधून हलविलेली कुटुंबे अशा शिबिरांत येतात आणि काही वर्षांसाठी म्हणून आलेली कुटुंबे तेथे दीर्घकाळ राहतात. चौथी वस्ती अँटॉप हिलच्या परिसरातील झोपडपट्ट्यांची, जेथे तमिळ, उत्तर भारतीय, मराठी, हिंदू, मुस्लिम, दलित असे अनेक समूह शेजारी शेजारी राहतात.

भाषा, धर्म आणि जात या निकषांवर हे समूह परस्परांहून वेगळे आहेत. निवडणुकीचे बहुतेक विश्लेषण याच भेदावर थांबते. कोणत्या समाजाची किती मते आणि ती कोणाकडे जाणार, याची आकडेमोड केली जाते. परंतु या सर्व समूहांत एक समान गोष्ट आहे, ती म्हणजे निवाऱ्याची अनिश्चितता. झोपडीधारकाला आपण पुनर्वसनासाठी पात्र ठरू की नाही हे ठाऊक नसते. संक्रमण शिबिरातील गाळेधारकाला मूळ जागी केव्हा परतता येईल याचे उत्तर मिळत नाही. निर्वासितांच्या जुन्या इमारती जीर्ण झाल्या आणि त्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न वर्षानुवर्षे रखडला. कोळीवाड्यातील रहिवाशांना तर आपली वस्ती झोपडपट्टी नसून गावठाणासारखी प्राचीन वस्ती आहे, हेच सिद्ध करावे लागले. २०१२ मध्ये येथील घरांवर पाडकामाची कारवाई झाली तेव्हा रहिवाशांनी केलेल्या विरोधाच्या मुळाशी हाच वाद होता.

ज्याच्या डोक्यावरचे छप्पर कायद्याने निश्चित केलेले नाही, त्याचा राज्यसंस्थेशी येणारा संबंध हक्काचा राहत नाही. तो विनंतीचा होतो. विनंती करावयाची तर ती पोहोचविणारा कोणीतरी हवा असतो. येथूनच राजकीय प्रभावाचा प्रवेश होतो.

पात्रतेची तारीख आणि निवडणुकीची तारीख

मुंबईतील झोपडपट्टी धोरणाचा इतिहास हा संरक्षणाच्या अंतिम तारखांचा इतिहास आहे. १९७१ मध्ये महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम संमत झाला. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना होऊन फोटोपास देण्यात आले. पुढे संरक्षणाची तारीख १९८५ पर्यंत आणि त्यानंतर १ जानेवारी १९९५ पर्यंत आली. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने मुंबईतील ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. २००४ च्या निवडणुकीत काँग्रेस आघाडीने संरक्षणाची तारीख २००० पर्यंत नेण्याचे आश्वासन दिले. प्रत्यक्षात ती तारीख कायद्यात आली २०१४ मध्ये, म्हणजे पुन्हा निवडणुकीच्याच वर्षी. त्यानंतर २०११ पर्यंतच्या झोपड्यांचे सशुल्क पुनर्वसन करण्याची तरतूद झाली. पुनर्वसनातील घराचे क्षेत्रफळही असेच २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांवर आले.

या क्रमातील एक घटना विशेष विचारात घ्यावी लागते. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये निवडणूक जिंकून सत्तेवर आलेल्या आघाडीच्याच राजवटीत त्या वर्षाच्या डिसेंबरपासून १९९५ नंतरच्या झोपड्या पाडण्याची मोठी मोहीम मुंबईत सुरू झाली आणि हजारो झोपड्या जमीनदोस्त झाल्या. ज्यांना संरक्षणाचे आश्वासन मिळाले होते त्यांच्यापैकीच अनेकांची घरे काही आठवड्यांत गेली. आश्वासनभंगाबद्दल दाद मागण्याची कोणतीही व्यवस्था त्यांच्याकडे नव्हती. पुढील निवडणुकीची वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती होते.

याहून सूक्ष्म गोष्ट पुराव्याची आहे. झोपडीधारक पात्र ठरविण्यासाठी जे पुरावे ग्राह्य धरले गेले त्यांत अंतिम तारखेपूर्वीच्या मतदारयादीतील नाव हा प्रमुख पुरावा होता. पुनर्वसन योजनेत 'परिशिष्ट-२' ही पात्र-अपात्र रहिवाशांची यादी तयार होते आणि त्या यादीवर कुटुंबाचे भवितव्य ठरते. मतदारयादी हा मुळात नागरिकाच्या राजकीय हक्काचा दस्तऐवज. तिला निवाऱ्याच्या सनदेचे काम देण्यात आले. परिणामी मतदाराच्या दृष्टीने यादीतील नावाचे महत्त्व मतदानापेक्षा वास्तव्य सिद्ध करण्यासाठी अधिक झाले.

या दुहेरी उपयोगाचे परिणाम दूरगामी आहेत. यादीत नाव घालण्यासाठी मदत करणारा स्थानिक कार्यकर्ता हा केवळ मतदार नोंदविणारा राहत नाही; तो कुटुंबाच्या निवाऱ्याचा पुरावा निर्माण करणारा ठरतो. त्याचे उपकार एका मताने फिटत नाहीत. दुसरे असे की, पुनर्विकासामुळे अन्यत्र हलविलेले कुटुंब जुन्या पत्त्यावरील नाव वगळण्यास तयार होत नाही, कारण ते नाव गेले तर परतीचा पुरावा जाईल, ही भीती असते. मतदारयाद्यांतील दुबार नावे आणि पत्त्यांतील विसंगती हा विषय अलीकडे वादग्रस्त झाला आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी विरोधी पक्षांनी याच प्रश्नावर मुंबईत मोर्चा काढला. याद्यांतील दोषांची कारणे अनेक असतील आणि हेतुपुरस्सर केलेल्या गैरप्रकारांची चौकशी स्वतंत्रपणे व्हावयास हवी. तथापि, ज्या शहरात यादीतील नाव हे घराचे प्रमाणपत्र आहे त्या शहरात यादी शुद्ध राहणे कठीण आहे, ही गोष्ट या वादात फारशी कोणी लक्षात घेतली नाही.

कायद्याची दृष्टी कोठे थांबते

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरणाची व्याख्या आहे. लाच, गैरवाजवी दडपण आणि धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या आधारे केलेले आवाहन यांचा तीत समावेश होतो. या व्याख्येमागील गृहीतक असे की, दोष हा उमेदवार आणि मतदार यांच्यातील एखाद्या विशिष्ट व्यवहारात असतो. उमेदवाराने मतदाराला पाचशे रुपयांची नोट दिली तर ती लाच आहे. परंतु पात्रतेची तारीख पुढे नेण्याचे आश्वासन पक्षाने जाहीरनाम्यातून दिले तर ती लाच ठरत नाही. एस. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यातील आश्वासने कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, असा निर्णय दिला.

हा निर्णय तत्त्वतः योग्यच आहे. पक्षांनी मतदारांना कल्याणकारी धोरणांचे आश्वासन देणे हा लोकशाहीचा गाभा आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेखाली पात्र महिलांना दरमहा १५०० रुपये देण्यास सुरुवात केली. तिच्या हेतूविषयी व आर्थिक परिणामांविषयी मतभेद असू शकतात. परंतु गरीब स्त्रीच्या खात्यात जमा होणारा पैसा आणि मतदानाच्या आदल्या रात्री वाटला जाणारा पैसा यांना एकाच तागडीत तोलणे न्याय्य नाही. भेदाची रेषा रकमेवर वा वेळेवर आखता येत नाही. ती लाभाच्या स्वरूपावर आखावी लागते. लाभ नियमाने मिळत असेल आणि सत्ताबदलानंतरही तो मागता येत असेल, तर तो हक्क होय. लाभ कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून असेल आणि तो काढून घेतला जाईल अशी धास्ती सतत असेल, तर ते बंधन होय. झोपडपट्टीधारकाला मिळालेले संरक्षण हे बहुतांशी दुसऱ्या प्रकारात मोडते. प्रत्येक अंतिम तारीख काहींना आत घेते आणि तिच्या पलीकडील सर्वांना पुढील निवडणुकीपर्यंत उमेदवारीवर ठेवते. कायद्याला नोट दिसते, ही उमेदवारी दिसत नाही.

खर्चाच्या बाबतीतही असेच घडते. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभा उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. मात्र राजकीय पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. कंवरलाल गुप्ता खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरण्याचा दृष्टिकोन घेतला, तेव्हा त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून तो परिणाम पुसून टाकण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरविले, तेव्हा देणगीदारांची नावे उघड झाली. ज्या शहरात जमीन हीच सर्वांत मोठी संपत्ती आहे आणि पुनर्विकास हा सर्वांत मोठा व्यवसाय आहे, तेथे निवडणुकीचा पैसा आणि जमिनीचे धोरण यांचा संबंध केवळ उमेदवाराच्या खर्चाच्या वहीत शोधणे भाबडेपणाचे ठरेल.

अस्मितेचे आवाहन आणि न्यायाचा विलंब

मुंबईने निवडणूक कायद्याच्या इतिहासाला काही महत्त्वाचे खटले दिले आहेत. डिसेंबर १९८७ मधील विलेपार्ले पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू विजयी झाले. प्रचारात धर्माच्या आधारे आवाहन झाल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ती निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. या प्रकरणातील भाषणांबद्दल शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचा मतदानाचा अधिकार सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. त्याचा आदेश निघाला १९९९ मध्ये. शेजारच्या दादर मतदारसंघातून १९९० मध्ये निवडून आलेल्या मनोहर जोशी यांच्या खटल्यातही निर्णय १९९५ मध्ये लागला, त्यांच्या बाजूने लागला, आणि तोपर्यंत ते मुख्यमंत्री झाले होते. सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला. उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्म, जात वा भाषेच्या आधारे केलेले आवाहनही भ्रष्ट आचरण ठरते, असे त्यात स्पष्ट झाले.

न्यायशास्त्राच्या दृष्टीने हे निर्णय मौलिक आहेत. परंतु काळाचा हिशेब पाहावा. पहिल्या खटल्यात अंतिम निर्णयास आठ वर्षे लागली, तिसऱ्या खटल्यातील कायद्याचा प्रश्न सुटण्यास जवळजवळ सत्तावीस वर्षे लागली. विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे खुद्द कायदाच सांगतो. मुदत संपल्यानंतर मिळालेला न्याय पराभूत उमेदवाराला कदाचित समाधान देईल. मतदाराला तो काहीच देत नाही.

अस्मितेच्या आवाहनाविषयी आणखी एक मुद्दा आहे. रजनी कोठारी यांनी १९७० मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले होते की, राजकारणात जात शिरली असे म्हणण्यापेक्षा जातींचे राजकीयीकरण झाले असे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे. शीव कोळीवाड्यासारख्या बहुभाषिक मतदारसंघात याचा प्रत्यय येतो. येथे भाषिक वा धार्मिक समूह हे भावनेपेक्षा मध्यस्थीच्या गरजेतून संघटित होतात. आपल्या भाषेचा पुढारी आपले काम लवकर करील, ही अपेक्षा त्यामागे असते. निवाऱ्याचे, पाण्याचे, दाखल्याचे काम नियमाने झाले असते तर या अपेक्षेचे बळ कमी झाले असते. म्हणून अस्मितेचे राजकारण आणि लाभाचे राजकारण हे दोन वेगळे रोग मानून त्यांवर वेगवेगळे उपचार सुचविणे अपुरे ठरते.

प्रतिनिधित्वाची गळती

मतदान झाल्यानंतरही मताचे मूल्य टिकते का, हा पुढील प्रश्न आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी या दोन्ही तुटल्या. बहुरंगी लढतीत शीव कोळीवाड्यातून भाजपचे कॅप्टन आर. तमिळ सेल्वन हे सुमारे ४१ हजार मते मिळवून, शिवसेनेच्या उमेदवाराहून चार हजारांपेक्षा कमी मताधिक्याने निवडून आले. झालेल्या मतदानाच्या एक तृतीयांशाहूनही कमी मतांवर जागा जिंकता आली. २०१९ व २०२४ मध्ये तेच पुन्हा विजयी झाले. हा कोणा एका उमेदवाराचा दोष नव्हे. सर्वाधिक मते मिळविणारा विजयी, या पद्धतीचा तो नैसर्गिक परिणाम आहे. अशा पद्धतीत सर्वांचे हित पाहण्यापेक्षा एक निश्चित गठ्ठा सांभाळणे उमेदवाराला अधिक किफायतशीर ठरते. आणि गठ्ठा सांभाळण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे अवलंबित्व.

लोकसभेच्या पातळीवर वेगळे चित्र दिसते. मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून २०१९ मध्ये राहुल शेवाळे एकसंध शिवसेनेच्या चिन्हावर निवडून आले. २०२२ मध्ये पक्षात फूट पडली व ते एकनाथ शिंदे यांच्या गटात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व चिन्ह शिंदे गटाला दिले. मतदाराने ज्या नावाला व चिन्हाला मत दिले त्याचा अर्थ मधल्या काळात बदलला. त्याला विचारण्याची तरतूद कोठेही नव्हती. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेला पक्षांतरबंदी कायदा येथे निष्प्रभ ठरला. मतदाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली ती थेट २०२४ मध्ये, जेव्हा याच मतदारसंघातून शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अनिल देसाई विजयी झाले.

महानगरपालिकेच्या पातळीवर तर प्रतिनिधित्वच काही काळ नाहीसे झाले. बृहन्मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढील निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका प्रशासकाच्या हाती होती. या काळात विकासनिधी सत्ताधारी पक्षांच्या आमदारांनाच मिळतो, अशी टीका वृत्तपत्रांतून झाली. नगरसेवक हा झोपडपट्टीतील नागरिकाला सर्वांत जवळचा प्रतिनिधी. तो नसताना मध्यस्थांचे महत्त्व वाढले असेल, तर त्यात आश्चर्य नाही. निवडणुकीतील दोषांची चर्चा करताना निवडणूक न होणे हाही दोष आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

एका आक्षेपाचा विचार

वरील विवेचनावर असा आक्षेप घेतला जाईल की, यात मतदाराला सर्व जबाबदारीतून मुक्त केले आहे. पार्थ चॅटर्जी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'राजकीय समाज' ही संकल्पना मांडली. कायद्याच्या काठावर जगणारे समूह राजकीय वाटाघाटींतून राज्यसंस्थेकडून सवलती मिळवितात आणि ही त्यांची लोकशाहीतील कर्तृत्वशक्ती आहे, असा त्या मांडणीचा आशय आहे. या दृष्टीने पाहिल्यास शीव कोळीवाड्यातील मतदार असहाय नाही. तो चाणाक्ष आहे. त्याला आपल्या मताची किंमत कळते आणि तो ती वसूल करतो. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तरी पदपथवासीयांना हटविण्यास मनाई केली नाही. न्यायालयाने जे दिले नाही ते पुढे मतपेटीने अंशतः दिले, हे नाकारता येत नाही.

चॅटर्जी यांचे निरीक्षण मान्य केले तरी प्रश्न शिल्लक राहतो. वाटाघाटीत मिळालेली सवलत प्रत्येक पाच वर्षांनी नव्याने मागावी लागते. ती मागण्यात मतदाराची सारी राजकीय शक्ती खर्च होते. शाळा, सार्वजनिक आरोग्य, रोजगार, वाहतूक यांविषयी प्रतिनिधीला जाब विचारण्याइतके बळ उरत नाही. शिवाय वाटाघाट समूह करतो, पण यादी कुटुंबनिहाय बनते. त्यामुळे पात्र ठरलेला शेजारी आणि अपात्र ठरलेला शेजारी यांचे हितसंबंध वेगळे होतात. पुनर्वसन योजनेस आधी ७० टक्के रहिवाशांच्या संमतीची अट होती, पुढे ती ५१ टक्क्यांवर आणली गेली. संमती मिळविण्याच्या या प्रक्रियेत एकाच गल्लीत दोन तट पडतात आणि तेच तट निवडणुकीत उतरतात. मतदार चाणाक्ष असला तरी त्याच्या चाणाक्षपणाला ज्या चौकटीत वावरावे लागते ती चौकट त्याने निवडलेली नाही.

सुशिक्षित मतदाराचाही येथे विचार व्हावा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले, तर मुंबई शहर जिल्ह्यात ते सुमारे ५२ टक्केच होते. ज्यांचा निवारा निश्चित आहे त्यांना मतदानाची निकड वाटत नाही आणि ज्यांना निकड वाटते त्यांच्यावर मत विकल्याचा आरोप होतो, ही विसंगती लक्षणीय आहे. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम करणारे आपण महाविद्यालयीन शिक्षक मतदानाच्या दिवशीची प्रक्रिया काटेकोर पार पाडतो. शाई लावली जाते, स्वाक्षरी घेतली जाते, यंत्र मोहोरबंद होते. त्या खोलीत येण्यापूर्वी पाच वर्षांत मतदाराच्या बाबतीत जे घडलेले असते त्याची नोंद मात्र कोणत्याही प्रपत्रात होत नाही.

समारोप

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत असा इशारा दिला होता की, राजकारणात एक व्यक्ती, एक मत आणि एक मूल्य हे तत्त्व स्वीकारताना सामाजिक व आर्थिक जीवनात मात्र ते नाकारले जात राहील, आणि ही विसंगती फार काळ टिकविल्यास राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल. त्यानंतर अवघ्या दोन-अडीच वर्षांत, पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, मुंबईतील उत्तर मतदारसंघातून नारायण काजरोळकर यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. संविधानाच्या शिल्पकाराचाही मुलाहिजा निवडणुकीचे गणित ठेवत नाही. म्हणूनच या गणिताची चिकित्सा सतत व्हावी लागते.

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, पुनर्वसनाची पात्रता मतदारयादीपासून वेगळी करावी. वास्तव्याची स्वतंत्र, सार्वजनिक व अद्ययावत नोंद ठेवली तर यादीवरील ताण आणि कार्यकर्त्यावरील अवलंबित्व दोन्ही कमी होतील. दुसरा, निवाऱ्याचे संरक्षण अंतिम तारखांच्या मालिकेऐवजी कायमस्वरूपी निकषांवर आधारावे आणि कोळीवाड्यांसारख्या मूळ वस्त्यांचे सीमांकन पूर्ण करून त्यांना झोपडपट्टीच्या व्याख्येतून स्पष्टपणे बाहेर ठेवावे. तिसरा, राजकीय पक्षांच्या निवडणूक खर्चाला मर्यादा घालावी. चौथा, निवडणूक याचिकांसाठी सहा महिन्यांची मुदत बंधनकारक करावी. पाचवा, महानगरपालिकेच्या निवडणुका मुदतीत घेणे अपरिहार्य करावे आणि महाराष्ट्रात २००९ पासून कायद्यात असलेली क्षेत्रसभेची तरतूद प्रत्यक्षात आणावी, म्हणजे नागरिकाला पाच वर्षांतून एकदाच बोलावे लागणार नाही.

यांपैकी पहिल्या दोन सूचनांचा निवडणूक कायद्याशी वरवर पाहता संबंध नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे नेमके हेच आहे की, निवडणूक सुधारण्याचा मार्ग निवडणूक कायद्यापुरता मर्यादित ठेवून चालणार नाही. घर जाईल या भीतीने दिलेले मत आणि घर मिळेल या आशेने दिलेले मत ही दोन्ही गुप्त मतदानात दिलेली असली तरी मुक्त मते नसतात. शीव कोळीवाड्यातील मतदाराला आपल्या छपराची चिंता न करता मत देता येईल, तेव्हाच त्याने दिलेल्या मताबद्दल त्याला जबाबदार धरण्याचा नैतिक अधिकार इतरांना प्राप्त होईल.